माणची ललिता आणि आपल्या पोरींची धाव

कोणी भांडी आवरून, कोणी बंदरावरून परत येऊन, कोणी कंपनीतली पाळी संपवून रेडिओपाशी बसल्या असाल. बसा निवांत. आज आपण धावण्याविषयी बोलणार आहोत.

हसू नका. "आम्ही जन्मभर धावतोच आहोत, त्यात आणखी काय सांगणार?" असं एक काकू आम्हाला म्हणाल्याच. खरं आहे त्यांचं. पहाटे मासळीच्या लिलावाला धावायचं, नळाला पाणी आलं की हंडे घेऊन धावायचं, पोरांची शाळा, सासऱ्यांचं औषध, गटाचा हप्ता, सगळ्याला धावायचं. पण ही धाव दुसऱ्यांसाठी असते. आज आम्ही बोलणार आहोत ती धाव एखादी मुलगी स्वतःसाठी धावते, आणि त्यातून तिचं आयुष्य कुठल्या कुठे जाऊ शकतं.

विषय निघाला तो असा. आमच्या भागातल्या एका गटात एक ताई आहेत. त्यांची मुलगी नववीत. गेल्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत लांब पल्ल्याच्या शर्यतीत दुसरी आली. यंदा तिने नावच दिलं नाही. आम्ही विचारलं, का गं? तर ती काही बोलली नाही, तिची आईच बोलली. "सरावाला जायचं कुठे? रस्त्यावर कंटेनरच्या गाड्या. नाक्यावर पोरं बसलेली. उन्हात काळी पडते म्हणून आत्या ओरडते. आणि ताई, पळून कुठल्या शेतकऱ्याच्या पोरीचं भलं झालंय? मला एक नाव सांगा."

त्या दिवशी आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. आजचं हे बोलणं त्या ताईंना दिलेलं उत्तर आहे, आणि नाव आहे ललिता शिवाजी बाबर. वयाने ती आपल्यातल्या कित्येकींच्या धाकट्या बहिणीसारखी, म्हणून आम्ही तिला नुसतं ललिताच म्हणणार आहोत. रागावणार नाही ती.

दुष्काळी माणातली मुलगी

आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं १९८९ साली. त्याच वर्षी, २ जूनला, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मोही गावी ललिताचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं. आपण समुद्राकाठी राहतो, आपल्याकडे पाऊस इतका की भाताची खाचरं तुडुंब भरतात. माण तालुका याच्या अगदी उलट. घाटमाथ्यावरच पाऊस पडून जातो आणि पलीकडे माणात ढग रिकामे पोचतात. टँकर, चारा छावण्या, माणसं कामाला बाहेरगावी, असं ते रान.

पण त्या तालुक्यातल्या बायकांचं एक वैशिष्ट्य आहे. म्हसवडला १९९७ साली बायकांनी स्वतःची बँक काढली, माणदेशी महिला बँक. सभासद बायकांना सही करता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. तेव्हा एकदा नाही म्हटलं म्हणून घरी बसायचं नाही, ही तिकडची रीतच म्हणायची.

ललिता लांब पल्ल्याच्या शर्यती धावू लागली. २००५ साली पुण्यात वीस वर्षांखालच्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती जिंकली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती, म्हणजे आपल्या त्या मुलीपेक्षा एक-दोन वर्षांनीच मोठी. पुढे धावण्याच्या जोरावर रेल्वेत नोकरी लागली. नोकरीमुळे दोन गोष्टी झाल्या. घराला पगार सुरू झाला, आणि सरावाला वेळ मिळाला. खेळाडूच्या आयुष्यात ही नोकरी फार महत्त्वाची असते. पोट भरायची काळजी असेल, तर पाय हलके पडत नाहीत.

मग आली मुंबईची मॅरेथॉन. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. किती लांब, ते उरणच्या भाषेत सांगतो. उरणहून निघायचं, पनवेलला पोचायचं, आणि परत फिरून साधारण अर्ध्या वाटेपर्यंत यायचं. तेही न थांबता, पळत. भारतीय महिलांमध्ये ही मॅरेथॉन ललिताने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं जिंकली. २०१५ साली ती ओ. पी. जैशाच्या मागे दुसरी आली, पण वेळ होती २ तास ३८ मिनिटं २१ सेकंद. हिशेब केलात तर एका किलोमीटरला पावणेचार मिनिटं पडतात. आपण भरभर चाललो तरी किलोमीटरला दहा मिनिटं लागतात. यावरून समजा.

जिंकत असताना वाट बदलली

आता इथे नीट ऐका, कारण ललिताच्या गोष्टीत आम्हाला सगळ्यात आवडलेली जागा हीच आहे. मुंबईत सलग तीन वेळा जिंकलेली मुलगी. नाव झालेलं, बक्षिसं मिळत होती. दुसरी कोणी तिथेच राहिली असती. पण तिला आशियाई स्पर्धेसारख्या मोठ्या ठिकाणी देशासाठी पदक हवं होतं. तेव्हा वयाच्या पंचविशीच्या आसपास तिने नवा प्रकार धरला, ३००० मीटर स्टीपलचेस.

स्टीपलचेस म्हणजे काय? पूर्वी इंग्लंड-आयर्लंडकडे एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावायचे. मनोरा म्हणजे स्टीपल. वाटेत कुंपण आलं तर ओलांडायचं, ओढा आला तर उडी मारायची. तीच शर्यत पुढे मैदानात आली. अंतर तीन किलोमीटर, म्हणजे मैदानाच्या साधारण साडेसात फेऱ्या. प्रत्येक पूर्ण फेरीत पाच अडथळे, त्यातला एक पाण्याचा. एकूण २८ कोरडे अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या.

बायकांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची असते सुमारे ७६ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. हा पडत नाही. जाड, जड लाकडी तुळई असते. त्यावर गुडघा आपटला तर आपणच पडतो. पाण्याच्या अडथळ्यामागे बारा फूट लांबीचा हौद असतो, तुळईपाशी खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. धावणारी तुळईवर पाय ठेवते, तिथून झेप घेते आणि हौदाच्या पुढच्या, उथळ भागात उतरते. बूट भिजतात, पाय जड होतात, आणि तशाच पायांनी पुढचा अडथळा घ्यायचा.

मैत्रिणींनो, भर पावसात डोक्यावर रोपांची मूठ घेऊन बांधावरून उडी मारणारी बाई हे आपल्याला पाहायची सवय आहे. खाडीच्या चिखलातून पाय उपसत निवट्या धरायला जाणारी बाई आपण पाहिली आहे. दमलेलं असताना तोल सांभाळणं हेच या शर्यतीचं मर्म आहे. नुसता वेग पुरत नाही. ललिताकडे मॅरेथॉनमुळे दम होता. अडथळ्याची शिस्त तिने शिकून घेतली. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह तिचे प्रशिक्षक होते, फार कडक म्हणून त्यांची ख्याती. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहून शिबिरात सराव करायचा, असे ते दिवस.

एका श्वासाचं अंतर

२०१४ साली दक्षिण कोरियात इंचॉनला आशियाई क्रीडा स्पर्धा झाली. ललिता ९ मिनिटं ३५.३७ सेकंदात पोचली, नवा राष्ट्रीय विक्रम झाला आणि कांस्यपदक मिळालं. रौप्यपदक मिळवणारी चीनची धावपटू तिच्यापुढे होती सेकंदाच्या सातव्या हिश्शाएवढी. आणि ललिताच्या मागे, चौथी, पाव सेकंदाच्या अंतराने होती आपलीच सुधा सिंग, उत्तर प्रदेशची. तिचाच जुना राष्ट्रीय विक्रम ललिताने मोडला होता. त्या दिवशी पहिल्या आलेल्या बहरीनच्या मुलीला आधी बाद ठरवलं, त्यामुळे थोडा वेळ ललिता दुसरी आणि सुधा तिसरी झाली. मग बहरीनचं म्हणणं मान्य झालं, सगळ्या एकेक पायरी खाली आल्या आणि सुधाचं पदक गेलं. खेळात असंही होतं. पदकाची गोष्ट सांगताना चौथीलाही लक्षात ठेवावं.

पुढच्या वर्षी, २०१५ साली, चीनमध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ललिताने सुवर्णपदक जिंकलं, ९ मिनिटं ३४.१३ सेकंदात. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९ मिनिटं २७.८६ सेकंद, पुन्हा विक्रम. अंतिम फेरीत ती जगात आठवी आली. जागतिक स्पर्धेत या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय मुलगी त्याआधी कोणी झाली नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत विक्रम आणखी थोडा खाली आणला.

आणि मग रिओ ऑलिंपिक. १३ ऑगस्ट २०१६ ला प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद. आपल्या गटाच्या हिशेबाच्या वहीसारखं मांडून पाहा. २०१४ मध्ये ९.३५, २०१६ मध्ये ९.१९. दोन वर्षांत साडेपंधरा सेकंद कमी. आपल्याला पंधरा सेकंद म्हणजे काहीच नाही, चहा गाळून होत नाही तेवढ्यात. पण त्या वेगाने धावणारी मुलगी पंधरा सेकंदांत ऐंशी मीटर पुढे जाते. म्हणजे रिओची ललिता आणि इंचॉनची ललिता एकाच शर्यतीत धावल्या असत्या, तर जुनी ललिता ऐंशी मीटर मागे राहिली असती.

अंतिम फेरी होती १५ ऑगस्टला. आपल्याकडे स्वातंत्र्यदिनाची संध्याकाळ होती. अठरा जणींमध्ये ललिता दहावी आली, ९ मिनिटं २२.७४ सेकंदात.

इथे एका वहिनींनी आम्हाला अडवलं होतं. "दहावी? मग पदक नाहीच ना मिळालं!" नाही मिळालं. लपवून काय करायचं? पण हे दहावं येणं म्हणजे काय, तेही बघू. ऑलिंपिकमध्ये मैदानी धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरी गाठणारी ललिताच्या आधीची भारतीय बाई होती पी. टी. उषा, १९८४ साली, लॉस एंजलिसला, ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत. तिचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने गेलं. १९८४ साल आपण उरणकर विसरत नाही. त्या जानेवारीत जमिनीसाठी झालेल्या आंदोलनात आपली पाच माणसं गेली. त्या वर्षी जन्मलेली मुलगी २०१६ साली बत्तीस वर्षांची होती. इतकी वर्षं प्राथमिक फेरी पार करून वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम रेषेवर आपली एकही बाई उभी राहिली नव्हती. बत्तीस वर्षांनी उभी राहिली, ती मोहीची शेतकऱ्याची मुलगी.

ललिताचा तो विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मेरठकडच्या पारुल चौधरीने तो मोडला, ९ मिनिटं १५.३१ सेकंदात. तीही शेतकऱ्याचीच मुलगी. सुधाचा ललिताने, ललिताचा पारुलने. एकीने वाट मळली की दुसरीला सोपी जाते.

आणि त्या ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. ललिताला २०१६ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे महाराष्ट्र सरकारने तिला खेळाडू म्हणून थेट नेमणूक दिली, उपजिल्हाधिकारी म्हणून. ज्या कचेरीत आपण सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी बाहेर उभ्या राहतो, तिथल्या साहेबांच्या खुर्चीवर ती बसली. धावून भलं झालेलं एक नाव मागितलंत ना ताई? हे घ्या.

ती एकटीच नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, आदिवासी घरातली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिला नोकरी मिळाली ती ओएनजीसीत, ज्यांचा प्रकल्प आपल्याच उरणात आहे. मुलांमध्ये पाहायचं तर बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, स्टीपलचेसचाच. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

बायकांना पळवत नव्हते

"बाईच्या जातीला एवढं पळणं झेपतं का?" हा प्रश्न आपल्या आत्याबाईच विचारतात असं समजू नका. सगळ्या जगाने तो विचारला आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत ठेवली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या. दमल्यावर पुरुषही बसतात. पण वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला, बायका कोसळल्या, हे त्यांच्या प्रकृतीला सोसत नाही. झालं, ती शर्यत बंद. पुन्हा सुरू झाली १९६० साली.

१९६७ साली अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नावाची मुलगी धावत होती. बाई धावते आहे हे दिसताच शर्यतीचा एक अधिकारी तिच्या अंगावर धावून गेला आणि छातीवरचा नंबर ओढून काढायला लागला. ती थांबली नाही, शर्यत पूर्ण केली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली, आणि स्टीपलचेस तर थेट २००८ साली. ललिता एकोणीस वर्षांची होईपर्यंत तिची शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. म्हणजे झेपत नव्हतं असं नाही, धावूच देत नव्हते.

आपल्या गावात कसं जमवायचं

आता आपल्या घरच्या अडचणींकडे येऊ. कारण गोष्ट ऐकून मुलगी धावायला लागत नाही.

पहिली अडचण जागेची. बंदराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर मुलींनी पळू नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. कंटेनरच्या चालकाला कडेची मुलगी दिसेलच याचा भरवसा नाही, पहाटेच्या अंधारात तर नाहीच. शाळेचं मैदान, गावातलं क्रिकेटचं मैदान, बांधाची रुंद वाट, नाहीतर किनारा. वाळूवर पळायचं तर ओहोटीच्या वेळी, पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या मऊ वाळूत घोटे मुरगळतात. किनारा उतरता असतो, म्हणून जाताना जेवढं पळलं तेवढंच परत येताना पळावं, म्हणजे एकाच पायावर भार येत नाही.

दुसरी अडचण लोकांची. मुलगी एकटी पळाली तर बोलणारे बोलतात. चार मुली पळत असल्या आणि मैदानाच्या कडेने गटातल्या चार बायका चालत असल्या, तर बोलायला तोंड उघडत नाही. चालणं आपल्यालाही हवंच आहे. साखर, रक्तदाब, गुडघे, कितीजणींना डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलंय!

तिसरी अडचण पाळीची. पाळीत पळू नये असं काही नाही. त्रास होत नसेल तर मुलगी नेहमीसारखी पळू शकते, दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. पण एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवावी. सुरू झालेली पाळी सरावाच्या दिवसांत तीन महिने आली नाही, तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. बहुतेक वेळा मेहनत जास्त आणि खाणं कमी, असं झालेलं असतं. अशाने हाडं कमजोर होतात. डॉक्टरांना दाखवा.

चौथी गोष्ट पोटाची. पळणाऱ्या मुलीला वेगळी पावडर लागत नाही. तांदळाच्या भाकरीबरोबर नाचणीचीही भाकरी, वाल, मूग, हिरवी पालेभाजी, अंडं, आणि आपली मासळी. सुकट आणि जवळा आपण गरिबाचं खाणं समजतो, पण त्यात ताकद भरपूर. खुबे, कालवं यांत लोह चांगलं असतं. पालेभाजीवर लिंबू पिळावं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणाबरोबर चहा देऊ नये, चहा ते लोह अंगी लागू देत नाही. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ती रक्तवाढीची आहे. मुली ती दप्तरात टाकतात किंवा फेकतात. जेवण झाल्यावर घ्यायला सांगा. रक्त कमी असलेली मुलगी पळताना लवकर धापा टाकते, आणि आपण म्हणतो हिच्यात दम नाही.

सुरुवात कशी करायची? आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सात-आठ वेळा. दोन-तीन आठवड्यांनी पळणं वाढवायचं, चालणं कमी करायचं. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. लांब पल्ल्याचे मोठे खेळाडूही बराचसा सराव असा सावकाशच करतात. पोटऱ्या भरून येणं ठीक, पण एकाच जागी टोचून दुखलं, सूज आली, तर थांबायचं. बूट साधे चालतील, पण मापाचे हवेत. मोठ्या भावाचे जुने बूट नकोत.

आता उपयोगाचं. सगळ्याच ललिता होणार नाहीत, होण्याची गरजही नाही. महाराष्ट्र पोलिस भरतीत मुलींच्या मैदानी परीक्षेला ५० गुण असतात. त्यात ८०० मीटर धावणं २०, १०० मीटर धावणं १५ आणि गोळाफेक १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण नुसत्या धावण्याचे. भरती निघाल्यावर महिनाभर पळून ते मिळत नाहीत, नववी-दहावीपासून सवय असलेल्या मुलीला मिळतात. शिवाय सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र चालतं याचे नियम आहेत, ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावेत. आणि मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावं. त्या मुलीचं दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र कुठे आहे असं आम्ही विचारलं, तर ते पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली होतं. असू दे, पण होतं! आईनेच ठेवलं होतं.

शेवटी त्या ताईंचं काय झालं ते सांगतो. आम्ही त्यांना ललिताची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिच्या आईने पहिल्या दिवशी कसं सोडलं असेल हो?" त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. पण त्या बैठकीत ठरलं की मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी उजाडल्यावर, गटातल्या चौघी आळीपाळीने मैदानावर जातील. पहिल्या दिवशी तीन मुली आल्या. त्या ताईही आल्या, "मी नुसती बघायला आलेय" म्हणत. मुलगी पळत होती आणि त्या कडेने चालत होत्या. दुसऱ्या फेरीला आम्ही पाहिलं, त्यांनी पदर खोचला होता.

पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. पाऊस सुरू झाला की मैदान चिखलाचं होईल, परीक्षा येतील, आत्याही पुन्हा ओरडेल. पण पळायचं की नाही हे आता त्या मुलीला ठरवता येईल, एवढं तरी झालं.

तुमच्या गावात अशी एखादी मुलगी असेल तर तिला विचारा. नसेल असं वाटत असेल, तर शाळेच्या बाईंना विचारा. एक तरी असतेच. पुन्हा भेटू. तोवर नमस्कार!

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गावात मुलींना निर्धास्तपणे पळता-खेळता येईल अशी जागा कोणती? ती कोणत्या वेळी मोकळी असते? ग्रामसभेत तिची मागणी करता येईल का?

२. आपल्यातल्या कोणी शाळेत असताना खेळत होत्या का? खेळ कधी आणि कशामुळे सुटला?

३. मुलींसोबत मैदानावर जाण्यासाठी आळीपाळीने कोण कोण वेळ देऊ शकेल? वार ठरवून वहीत नावं लिहा.

४. घरातल्या मुलीला शाळेतली निळी गोळी मिळते का, आणि ती ती घेते का? येत्या आठवड्यात प्रत्येकीने विचारून यावं.